तिसऱ्या ग्लासातला वास

"दारू? आपल्या घरात?" दानम्माने हातातलं सूप खाली ठेवलं. "आज दारू आणा, उद्या सोप्यात कोंबडी कापा. मग गळ्यात लिंग कामून बांधलंय म्हणते मी?"

"कुणी प्यायला येत नाहीये," मी म्हणालो. "परीक्षा आहे. अंबिकेची."

"दारूची परीक्षा असती व्हय? पास झालं की काय देतेत, अजून एक बाटली?"

चौतीस वर्षं बसवकल्याणात विज्ञान शिकवलं, घरात कधी सुपारीसुद्धा आणली नाही. बायकोचं बोलणं ऐकून घेणं भाग होतं.

अंबिका ही मुडबीच्या काशाप्पाची मुलगी. आजोबाच्या काळात त्यांच्याकडे दीडशे मेंढरं होती. काशाप्पाकडे आता दोन एकर रान आणि चार शेरडं. पोरगी मात्र हुशार निघाली. सातवीत असताना एकदा वर्गात बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, कपाटातल्या अमोनियाच्या बाटलीचं बूच ढिलं झालंय." जाऊन पाहिलं तर खरंच ढिलं होतं. पुढे गुलबर्ग्याच्या होस्टेलात राहून तिने सूक्ष्मजीवशास्त्र केलं आणि पुण्यात एका लहानशा बियर कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. घरी तिने सांगितलं होतं, औषधाची कंपनी. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, कारण अर्जासोबतचं शिफारसपत्र माझं होतं.

त्या कारखान्याने बेल्जियमहून यान नावाचा एक जाणकार दोन वर्षांसाठी आणला होता. त्याने आपल्या देशाच्या पद्धतीची एल, म्हणजे एक जातीची बियर, बनवली आणि नाशिककडून आणलेल्या लाकडी पिंपांत भरून ठेवली. त्या पिंपांत आधी लाल वाइन मुरवलेली होती. लाकडाच्या फटींमध्ये बारीक जीव राहतात. आठ महिने ते आपलं काम करत राहतात आणि एलची चव, वास हळूहळू बदलत जातो. कधी चांगल्याकडे, कधी वाईटाकडे. कोणतं पिंप कुठे चाललंय हे यंत्राला सगळं कळत नाही, म्हणून सहा जण वास घेऊन, घोट घेऊन कागदावर लिहितात. अंबिका त्या सहांपैकी एक होती.

दोन महिन्यांपूर्वी यानला सगळ्यात आवडलेल्या पिंपाची चाचणी झाली. पाच जणांनी एकच गोष्ट लिहिली. अंबिकेने कागद कोरा ठेवला. मॅनेजर लिंगराज यांनी तिला पत्र दिलं: नाक कामाचं नाही, फेरपरीक्षेत नापास झाल्यास नोकरी संपली. ती रजा टाकून मुडबीला येऊन बसली. पुढे लिंगराज आणि यान हैदराबादला एका हॉटेलवाल्याला बियर दाखवायला निघाले, तेव्हा यान हट्टाला पेटला की वाटेत थांबून पोरीला पुन्हा तपासायचं. मुडबीत बापासमोर ते शक्य नव्हतं. म्हणून ती माझ्याकडे आली.

"त्या दिवशी काय झालं?" मी तिला विचारलं होतं.

"वास आला न्हाई, सर," ती म्हणाली. जमिनीकडे बघत म्हणाली. मी जास्त खोदलं नाही.

दोन हजार बाराचा जानेवारी, शुक्रवार. शिकवणीच्या पोरांना मी सुट्टी दिली. दानम्मा बडबडत का होईना, पण बाहेरची खोली नुसत्या पाण्याने पुसून घेत होती, कारण अंबिकेने फिनाईल नको म्हणून सांगितलं होतं. अंबिका सकाळी आठलाच आली. काशाप्पा बाजाराला गेला होता, दीडच्या गाडीने दोघं परत जाणार होते. आल्या आल्या तिने दानम्माला विचारलं, "अक्का, तुमचं एक लुगडं देता का? माझे कपडे नको."

"धुतलेलेच हायत की तुझे."

"दोनदा धुतलेत. तरी नको."

"माझ्या लुगड्याला विभूतीचा वास लागंल."

"तो चालतोय," अंबिका म्हणाली.

साडेअकराला उमरग्याच्या बाजूने गाडी आली. यान उंच, टकला, न सांगता चपला बाहेर काढून आत आला. लिंगराज मूळ उदगीरचे, आडतीच्या घरातले. पंधरा वर्षांत पुण्याने त्यांच्या बोलण्याला इस्त्री केली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, स्पष्ट सांगतो. मी यानच्या हट्टापायी थांबलोय. सात वाजता मला हैदराबादेत उभं राहायचंय. सही करायचा कागद खिशात आहे. होकाराचाही आहे, नकाराचाही."

पोरं ज्यावर पाटी ठेवतात त्या बुटक्या टेबलावर तीन ग्लास मांडले गेले. ग्लास त्यांनीच आणले होते, तळाला खुणा असलेले, वर कागदाची झाकणं. नियम सोपा होता. दोन ग्लासांत एका पिंपातली बियर, एकात दुसऱ्या पिंपातली. वेगळा कोणता ते आधी ओळखायचं. मग त्यात काय आहे ते लिहायचं. वेळ पंधरा मिनिटं. लिंगराजांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"कुणीही बोलायचं नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

अंबिकेने पहिलं झाकण उचललं, नाकाखाली धरलं, ठेवलं. दुसरं. मग तिसरं. प्रत्येकातला लहान घोट घेऊन गिळला. बियरचा कडूपणा घशात कळतो, म्हणून थुंकून चालत नाही, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. दानम्मा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिने तोंड फिरवलं.

"तिसरा वेगळा," अंबिका म्हणाली.

लिंगराजांनी ग्लास उचलून तळ पाहिला. मान हलवली. "बरोबर. आता काय आहे ते लिही."

तिने तिसरा ग्लास पुन्हा उचलला. वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. ग्लास खाली ठेवून तिने, कुणाला दिसू नये अशा बेताने, स्वतःच्या पदराचं टोक नाकाला लावलं.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. "मास्तर! बाजार लवकर उरकला. म्हणलं पोरीला घिऊनच जावं."

काशाप्पा दारात उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. गोऱ्या माणसाला बघून तो थबकला. "परीक्षा चाललीय व्हय? चालू द्या, चालू द्या. मी न्हाई बोलत."

"काशाप्पा, आत या की, चहा टाकते," दानम्मा घाईने म्हणाली.

"न्हाई अक्का. पोरीचं होऊ द्या. बसतो हितंच."

आणि तो उंबऱ्याला टेकून बसला. वारा दारातूनच आत येत होता.

"कोण हे?" लिंगराजांनी विचारलं.

"वडील तिचे."

लिंगराजांनी घोंगड्याकडे पाहिलं आणि यानच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी हलकंसं म्हटलं. यान हसला नाही.

नऊ मिनिटं उरली. अंबिकेची लेखणी कागदावर टेकली होती, पण चालत नव्हती. ती एकदा ग्लासाकडे बघे, एकदा बापाकडे. कपाळावर घाम आला होता, जानेवारीत.

तेव्हा मला कळलं. गुलबर्ग्याच्या होस्टेलात तिने पांघरायला घरचं घोंगडं नेलं होतं, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं. खोलीतल्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या. आठ दिवसांत ते घोंगडं पेटीत गेलं आणि त्यानंतर ती जिथे जाई तिथे आधी स्वतःचे कपडे हुंगून बघे. पुण्यातल्या त्या दिवशी तिला वास आला नव्हता असं नाही. वास आला होता. पण तो ग्लासातून येतोय यावर तिचा विश्वास बसला नव्हता. आणि आज, कपडे बदलले तरी, बाप घोंगडं घेऊन वाऱ्याच्या तोंडाला बसला होता.

एका वाक्यात मी तिला हे सांगू शकलो असतो. वाक्य जिभेवर आलंही. पण उत्तर मी दिलं असतं तर ते माझं झालं असतं, तिचं नाही, आणि लिंगराजांनी त्याच क्षणी नकाराचा कागद काढला असता. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. सहा मिनिटं.

"सर," ती अचानक म्हणाली, माझ्याकडे नाही, लिंगराजांकडे बघून. "ग्लास घेऊन मागच्या अंगणात जाऊ का?"

"कशाला?"

"हितं वास मिसळायलाय."

लिंगराजांनी खांदे उडवले. "कुणाशी बोलायचं नाही."

ती ग्लासावर झाकण दाबून मागच्या दाराने गेली. खिडकीतून मला दिसत होतं. पाण्याच्या हौदापाशी ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. आधी नुसती हवा घेतली. मग पदर नाकाला लावला, चांगला वेळ. मग झाकण काढून ग्लास. पुन्हा हवा, पुन्हा पदर, पुन्हा ग्लास. तिसऱ्या वेळी तिने पदर सोडून दिला आणि फक्त ग्लास धरून उभी राहिली.

परत आली तेव्हा दोन मिनिटं उरली होती. तिने दोनच शब्द लिहिले. इंग्रजी तिला सुचलं नव्हतं, म्हणून मराठीत लिहिले. लिंगराजांनी कागद ओढून वाचला आणि मोठ्याने हसले.

"घोंगडं! ओलं घोंगडं! वा. बाप दारात घोंगडं घेऊन बसलाय आणि लेक लिहिते घोंगडं. गुरुजी, सांगा तुम्हीच." त्यांचा हात खिशाकडे गेला.

"त्यांचं घोंगडं कोरडं हाय, सर," अंबिका म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "त्याला चुलीच्या धुराचा वास हाय. ग्लासात धूर न्हाई. ह्यात वली लोकर हाय. लोकर आणि त्याच्याखाली आंबट फळ."

"मग पुण्यात कामून लिहिलं नाहीस?" लिंगराजांच्या तोंडून उदगीर निसटलं.

तिने लेखणी खाली ठेवली.

"मला वाटलं माझाच यायलाय."

उंबऱ्यावर काशाप्पाने मान वर केली.

यान मला विचारू लागला, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं: भिजलेलं लोकरीचं कांबळं. तो ताडकन उठला. त्याने मला जे सांगितलं ते असं: त्याच्या देशात ह्या वासाला घोड्याच्या पाठीवरच्या कांबळ्याचा वास म्हणतात. ह्याच वासासाठी त्याने आठ महिने पिंप राखलं होतं. पुण्यातल्या पाचही जणांनी तेच शब्द लिहिले होते, पण पुस्तकात वाचून. त्यांतल्या एकानेही घोड्यावरचं कांबळं जवळून पाहिलेलं नव्हतं.

तो काशाप्पापाशी गेला आणि हात पुढे करून घोंगडं मागू लागला.

"हे काय म्हणायलाय, मास्तर?"

"घोंगडं द्या म्हणतोय. बघायला."

"घे बाबा. पर परत दे."

यानने पाण्याच्या तांब्यात घोंगड्याचं टोक बुडवलं, पिळलं आणि नाकाला लावलं. मग ग्लास. मग घोंगडं. मग ग्लास. लिंगराजांकडे वळून त्याने ग्लास आणि घोंगडं दोन्ही पुढे केलं. लिंगराजांनी ग्लासाचा वास घेतला, घोंगड्याचा नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मान्य. झालं एकदाचं." त्यांनी होकाराचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"सर, अजून एक हाय," अंबिका म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दोन ग्लासांतलं. ते पिंप बिघडायलंय."

लिंगराजांचा हात थांबला. त्या दोन ग्लासांतली बियर कोणती ते तिला ठाऊक नव्हतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. गाडीत हैदराबादला निघालेल्या पेट्या त्याच पिंपाच्या होत्या.

"घोंगडं ताठ राहावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतेत," ती सांगत होती. "खळ ताजी असली की वास कळत न्हाई. चार दिस भांड्यात राहिली की नाकात टोचती. तसं टोचायलंय. आज थोडं हाय. महिन्याभरात आंबून शिरका होईल त्याचा."

"तुला कळायलंय का तू काय बोलायलीस?" लिंगराज आता पुरते उदगीरचे झाले होते. "सात वाजता मी हे लोकांच्या म्होरं ठिवणार हाय! परवा नाकच न्हाई, आज दोन नाकं फुटली व्हय?"

"ठिवू नका, सर."

त्यांनी यानकडे पाहिलं. तो घोंगड्याची वीण निरखत होता, त्याला मराठी येत नव्हतं. लिंगराज टेबलावर वाकले आणि आवाज खाली आणला.

"हे बघ अंबिका. तिसरा ग्लास तू बरोबर ओळखलास. तेवढंच विचारलं होतं. पहिल्या दोन ग्लासांपुढं 'दोष नाही' लिही, मी आत्ता सही करतो. सोमवारी कामावर ये, कायम. उगीच जास्तीचं लिहिलंस, तर हा दुसरा कागद आहे."

दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. घाईतल्या माणसाने जवळची वाट धरावी तसं ते बोलत होते.

अंबिकेने दोन्ही कागद वाचले. मग पहिला ग्लास जवळ ओढला.

"परत बघते," ती म्हणाली.

ह्या वेळी नुसता वास घेऊन भागणार नव्हतं. बाप सहा फुटांवर बसला होता आणि आता उठून उभा राहत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या देखत ग्लास ओठांना लावला, घोट घेतला, गिळला आणि डोळे मिटून थांबली. मग दुसऱ्या ग्लासातला घोट. काशाप्पाचा हात दाराच्या चौकटीवर होता. स्वयंपाकघरात दानम्माच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

अंबिकेने डोळे उघडले आणि लिहिलं: 'एक व दोन: आंबलेली खळ. हे पिंप बाटल्यांत भरू नये.' खाली नाव, तारीख, सही.

लिंगराजांनी कागदाला हात लावायच्या आत यानने तो उचलला. वाचता येईना, म्हणून माझ्यापुढे धरला. लिंगराज माझ्याकडे बघत होते. मी जसं होतं तसं इंग्रजीत वाचून दाखवलं. खळ म्हणजे काय ते समजवायला दोन वाक्यं जास्त लागली.

यानने पहिला ग्लास घेतला. वास घेतला, कपाळाला आठी पडली. घोट घेतला. दुसरा घेतला. मग तो पोरांच्या बुटक्या बाकावर बसला, गुडघे छातीपाशी आले, आणि बराच वेळ ग्लासात बघत राहिला. शेवटी लिंगराजांना हळूच म्हणाला, हे नाही. ही मुलगी बरोबर आहे. घोंगड्याच्या वासाच्या किती बाटल्या आहेत आपल्याकडे?

"चार," लिंगराज म्हणाले. "चार बाटल्या घेऊन मी हॉटेलात जाऊ?"

चार चांगल्या, यान म्हणाला.

लिंगराज बाहेर गेले. गाडीपाशी उभे राहून ते फोनवर बोलत होते, हात जोरजोराने हलत होता. एकदा त्यांनी टायरला लाथ मारली. आम्ही आत बसून होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दहा मिनिटांनी ते आले. उभ्या उभ्या सही केली, कागद रिकाम्या ग्लासाखाली सरकवला.

"सोमवारी नऊला," ते अंबिकेला म्हणाले. मग मला, "गुरुजी, हेच शिकवता का पोरांना?" ते रागाने म्हणाले की नाही, मला अजून सांगता येत नाही.

कोणता कागद ते अंबिकेने लगेच पाहिलं नाही. गाडी गेल्यावर पाहिला. होकाराचा होता. तिने तो घडी करून कनवटीला लावला, पण चेहरा मोकळा झाला नाही. अजून एक सही व्हायची होती, आणि तो माणूस उंबऱ्यावर उभा होता.

काशाप्पा घोंगड्याचं ओलं टोक झटकत होता.

"बिर हाय व्हय ती?"

"व्हय, अप्पा."

"औषधाचं म्हणालतीस."

"व्हय."

"रोज प्यावं लागतंय?"

"चाखावं लागतंय. घोटभर. रोज न्हाई."

काशाप्पा माझ्याकडे वळला. "तुमाला ठावं होतं, मास्तर?"

"होतं," मी म्हणालो. "सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

त्याने मान हलवली. माझं चुकलं हे त्याला पटलेलं दिसलं. दानम्माने चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच प्यायला लागला, आणि अर्धा कप झाल्यावर, लेकीकडे न बघता म्हणाला,

"तू म्हणलीस ना मघाशी, तुझाच वास यायलाय वाटलं म्हणून. ते खरं?"

अंबिकेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"किती वरसं झाली?"

"होस्टेलपासनं."

काशाप्पाने उरलेला चहा संपवला, कप उंबऱ्यावर ठेवला. घोंगड्याची नीट चौघडी केली, ओलं टोक आत जाईल अशी, आणि खांद्यावर टाकलं.

"पुण्याची गाडी कवा हाय?"

"आयतवारी सांजच्याला."

"मग दोन दिस हायत. बिरीचं आईला तू सांगायचं, मी न्हाई सांगणार. शिव्या खा थोड्या." तो पायरी उतरला आणि थांबला. "दुसरं सांगू नको तिला. वासाचं. सूत तिनं कातलंय ह्याचं."

दीडच्या मुडबी गाडीला वीस मिनिटं होती. अंबिकेने लुगडं बदलून स्वतःचे कपडे घातले, दानम्माच्या पाया पडली, आणि दोघं बसस्टँडकडे निघाली. तो पुढे, ती चार पावलं मागे.